सोडण्यामागचे कारण

चाळिशी ओलांडलेला माणूस पंधरा-वीस वर्षांचा व्यवसाय सोडून अगदी वेगळ्या क्षेत्रात जाण्याचा विचार बोलून दाखवू लागला, की त्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला व्यवहाराचा असतो: घराचे हप्ते, मुलांची दहावी-बारावी, आईवडिलांचे औषधपाणी, आणि नव्या ठिकाणी पुन्हा तळापासून सुरुवात. दुसरा धर्माचा असतो, आणि तो देणारे बहुधा गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेतात. आपला धर्म उणा असला तरी तोच बरा, दुसऱ्याचा कितीही नीट पाळता आला तरी त्यात भय आहे, हा तिथला विचार अठराव्या अध्यायात जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा येतो. पहिल्या सल्ल्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. दुसरा मात्र माणसाच्या मनात अपराधाची भावना रुजवतो. जे हाती आले आहे ते सोडणे म्हणजे काहीतरी पवित्र मोडणे, असे त्याला वाटू लागते. म्हणून हा प्रश्न मुळातून तपासला पाहिजे. स्वधर्माची शिकवण व्यवसाय बदलायला खरोखर मनाई करते का? माझ्या मते करत नाही. काम कोणते, यापेक्षा ते सोडण्याचे कारण कोणते, याची चौकशी गीता अधिक कठोरपणे करते. त्या सोडण्याची किंमत कोण मोजणार, हा दुसरा प्रश्न परंपरेतल्या इतर ग्रंथांनी आणि चरित्रांनी विचारला आहे. या दोन कसोट्यांना उतरणारा बदल अधर्म ठरत नाही, आणि न उतरणारा बदल कितीही उदात्त दिसला तरी धर्म ठरत नाही.

सुरुवात अर्जुनापासूनच करावी लागते, कारण गीतेचा प्रसंग हाच मुळी व्यवसाय सोडू पाहणाऱ्या माणसाचा आहे. अर्जुन त्या क्षणी होतकरू तरुण नाही. त्याच्यामागे अनेक लढाया आहेत, वनवास आहे, नाव आहे. असा माणूस धनुष्य खाली ठेवून म्हणतो, की गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे. कृष्ण त्याला थांबवतो. यावरून कोणी म्हणेल, की मनाई झालीच. पण कृष्णाने नेमके काय थांबवले ते पाहावे. विराटाच्या गायी सोडवताना याच अर्जुनाने याच भीष्म-द्रोणांशी एकट्याने लढाई केली होती, आणि तेव्हा त्याला गुरुहत्येचा विचार शिवला नव्हता. म्हणजे हिंसेविषयी त्याचे मत बदलले होते असे नाही. समोर आपली माणसे आहेत आणि या वेळी शेवट मृत्यूतच होणार आहे, हे दिसल्यावर त्याचे अंग गळाले, आणि मग त्या गळालेपणाला त्याने वैराग्याची भाषा चढवली. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीता प्रवचनांत याच जागी एका न्यायाधीशाचा दाखला आहे. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावणारा हा न्यायाधीश पुढ्यात स्वतःचा मुलगा उभा राहिल्यावर एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष असल्याचे बोलू लागतो. त्याचा युक्तिवाद खोटा असतोच असे नाही. खोटे असते ते त्याचे कारण. कृष्णाचा आक्षेप भिक्षेवर नाही, अर्जुन भिक्षेकडे का वळला यावर आहे.

हा अर्थ मी ओढूनताणून काढत नाही, याची साक्ष कुरुक्षेत्रच देते. काम बदलणे हेच पाप असते, तर समोरच्या सैन्यात द्रोण, कृप आणि अश्वत्थामा उभे राहूच शकले नसते. तिघेही ब्राह्मण, तिघेही शस्त्रधारी. द्रोणाने तर दारिद्र्यापायी आणि द्रुपदाकडून झालेल्या अपमानामुळे हस्तिनापूरची चाकरी धरली. खुद्द अर्जुन अज्ञातवासाचे वर्ष विराटाच्या घरी नृत्यशिक्षक म्हणून राहिला होता. यावर एक आक्षेप महाभारतातूनच येतो आणि तो टाळता येत नाही. द्रोणपर्वात भीम द्रोणाला सुनावतो, की विद्वान ब्राह्मणांनी आपल्या कामात समाधान मानले असते आणि युद्धात उडी घेतली नसती तर क्षत्रियांचा असा संहार झाला नसता. पण भीमाचे बोलणे इथे संपत नाही. एका मुलासाठी, बायकोसाठी, धनाच्या लोभाने तू इतक्यांना मारलेस, असा त्याचा खरा घाव आहे, आणि शस्त्र खाली ठेवण्यापूर्वी द्रोणाच्या कानांवर पडतात ते हेच बोल. कौरवांना आणि पांडवांना शस्त्रविद्या शिकवणाऱ्या द्रोणाला महाभारत शेवटपर्यंत आचार्यच म्हणते. त्याच्यावर ठपका येतो तो शस्त्र कशासाठी चालवले याबद्दल. काम बदलूनही आदर टिकतो, हेतू ढासळला की तो टिकत नाही, एवढे या कथेतून नक्की निघते.

सोडण्याच्या कारणांची छाननी गीतेने अठराव्या अध्यायात करून ठेवली आहे. व्यवसाय बदलू पाहणाऱ्या माणसाने स्वधर्माच्या श्लोकाइतकेच तेही वाचावे. त्याग तीन प्रकारचा, असे तिथे म्हटले आहे. नेमलेले काम भ्रमापोटी टाकणे हा तामस त्याग. ते त्रासाचे आहे, शरीराला कष्ट होतात, या भीतीने टाकणे हा राजस त्याग, आणि अशा त्यागाचे फळ मिळत नाही. काम कर्तव्य म्हणून करत त्यातली आसक्ती आणि फळाची हाव सोडणे हा सात्त्विक त्याग. आजच्या नोकरीवर ही कसोटी लावून पाहा. वरिष्ठाशी पटत नाही, टार्गेट झेपत नाही, बढती हुकली, बदली गैरसोयीची झाली, ही दुःखे खरी आहेत. पण त्यांच्यासाठी क्षेत्र बदलणारा माणूस त्रासापासून पळतो आहे, आणि त्रास क्षेत्र ओळखत नाही. त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे, की धुराने अग्नी वेढलेला असावा तसे प्रत्येक काम दोषाने वेढलेले असते. बँकेतला अधिकारी सेंद्रिय शेतीकडे वळला की त्याला पावसाचा, बाजारभावाचा आणि मजुरांच्या टंचाईचा धूर सोसावाच लागेल. मात्र या श्लोकाचा अर्थ ‘म्हणून जिथे आहेस तिथेच राहा’ एवढाच घेतला तर तो अपुरा राहतो. दोष आहे एवढ्याने काम टाकू नये, असे तो सांगतो. काम करताना रोज दुसऱ्याची फसवणूक करावी लागत असेल, किंवा आपल्यातली क्षमता समाजाच्या उपयोगी न पडता वर्षानुवर्षे पडून राहत असेल, तर सोडण्याचे कारण कष्ट किंवा कंटाळा उरत नाही. तिथे आणखी विचाराला जागा आहे.

इथे सर्वांत मोठा आक्षेप येतो आणि तो डॉ. आंबेडकरांचा आहे. स्वधर्म म्हणजे जन्माने वाट्याला आलेले काम, असाच अर्थ शतकानुशतके लावला गेला, आणि माणसाला त्याच्या जागी डांबून ठेवण्यासाठी तो वापरला गेला. हा आक्षेप पोकळ नाही. गीतेतला हाच विचार मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातही आहे, आणि तो कुठे येतो ते पाहण्यासारखे आहे. खालच्या जातीच्या माणसाने लोभाने वरच्यांची कामे करून पोट भरले तर राजाने त्याची मालमत्ता काढून घेऊन त्याला हद्दपार करावे, या आज्ञेनंतर लगेच. त्याच अध्यायात ब्राह्मणाला मात्र अडचणीच्या काळी क्षत्रियाचे किंवा वैश्याचे काम करून जगण्याची मुभा आहे. ज्या ग्रंथात वरून खाली यायची वाट मोकळी आणि खालून वर जायची वाट दंडाने बंद, त्याचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले, ते अन्यायाचे अचूक निदान होते. १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्थेने श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी केली. उद्योगधंदे बदलतात तेव्हा माणसाला काम बदलण्याची मोकळीक हवी. जात ती देत नाही, आणि म्हणून ती बेकारीचे थेट कारण ठरते. गीतेकडेही त्यांनी चातुर्वर्ण्याचे तात्त्विक समर्थन म्हणूनच पाहिले. गीता चार वर्णांबद्दल गुण आणि कर्म यांच्या आधारे बोलते, असे उत्तर यावर दिले जाते. ते खरे आहे. पण समाजाने ते वाक्य जन्माच्या अर्थानेच जगून दाखवले, त्यामुळे एवढे उत्तर पुरत नाही.

माझे उत्तर असे, की हा आक्षेप पूर्ण मान्य करूनच पुढे जाता येते. स्वधर्माचा विचार दुसऱ्याला बांधण्यासाठी वापरला की तो त्याच क्षणी अधर्माचे हत्यार होतो. तो विचार प्रथमपुरुषी आहे. माणूस तो स्वतःला विचारू शकतो. बाप मुलाला, मालक नोकराला, जात व्यक्तीला तो ऐकवू शकत नाही. चोखोबांना कोणी सांगावे, की वाट्याला आलेल्या कामात समाधान मान? त्यांच्या अभंगांत भक्तीबरोबर वेदनेचा जाबही आहे, आणि महाराष्ट्राने तो ऐकायला फार उशीर केला. आधुनिक काळात परंपरेच्या आतूनही हा विचार रुंद करण्याचा प्रयत्न झाला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्तव्याचा विचार चातुर्वर्ण्यापुरता अडवून ठेवला नाही. जिथे ती व्यवस्था नाही तिथेही समाजधारणेसाठी माणसाने जे काम पत्करले ते त्याचे कर्तव्य होते, अशी त्यांची दिशा आहे. त्यांचे स्वतःचे आयुष्यही एका कामाला जखडलेले नव्हते. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागलेले टिळक १८९० मध्ये स्वतःच उभारणीत भाग घेतलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून राजीनामा देऊन बाहेर पडले. शिक्षकाचे काम सुटले म्हणून त्यांचा धर्म सुटला, असे कोणी म्हणत नाही.

मग दुसऱ्या बाजूने विचारले जाईल: जन्माचा आधार काढून घेतल्यावर ‘मनाला येईल ते करा’ याखेरीज काय उरते? उरतो तो स्वभाव, आणि गीता त्याला फार वजन देते. अहंकाराने तू लढणार नाही म्हणालास तरी तुझी प्रकृती तुला त्या कामाला लावील, असे कृष्ण अर्जुनाला शेवटी बजावतो. स्वभाव आणि इच्छा यांत मात्र फरक करावा लागतो. इच्छा दुसऱ्याकडे पाहून जागी होऊ शकते. ज्ञानेश्वरांनी तिसऱ्या अध्यायावर लिहिताना हे ओळखले होते. दुसऱ्याचे शुभ्र वाडे पाहून आपली गवताची झोपडी मोडावी का, असे ते विचारतात, आणि रोख तुलनेतून जन्मणाऱ्या ओढीवर ठेवतात. स्वभावाचे तसे नसते. तो पुराव्यानिशी दिसतो, आणि मध्यवयाचा मोठा फायदा असा, की तोवर पुरावा जमलेला असतो. विसाव्या वर्षी क्षेत्र निवडताना माणूस अंदाजाने निवडतो. बेचाळिसाव्या वर्षी त्याच्यापाशी दोन दशकांची नोंद असते. कुणी न सांगता, पैसा न मिळता, थकल्यावरही आपण कशाकडे वळलो, कशात शिकत राहिलो, कशात लोकांना आपला उपयोग झाला, हे तो पाहू शकतो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली, आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. पण ती उडी एका रात्रीत सुचलेली नव्हती. विद्यार्थिदशेपासून आणि पुढे वैद्यकी सांभाळतही ते नाटक करत होते. नव्या क्षेत्राचे स्वप्न पाहण्याला स्वभावाचा पुरावा म्हणता येत नाही. तिथले कष्ट आधीच काही वर्षे सोसलेले असणे, हा पुरावा. लागू ईश्वर न मानणारे होते. त्यांनाही ही कसोटी लागू पडते, कारण ती श्रद्धेइतकीच प्रामाणिकपणाची आहे.

दुसरी कसोटी किमतीची. इथे परंपरा वैराग्याचे कौतुक करते आणि घरच्यांना विसरते, असा आरोप होतो. तो अंशतः खरा आहे, पण उलटी साक्षही भक्कम आहे. बायकामुलांची तरतूद न करता संन्यास घेणाऱ्याला दंड करावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात स्पष्ट लिहिले आहे. आश्रमांची कल्पना तर वयानुसार काम बदलणे गृहीतच धरते, पण गृहस्थाने वनाकडे कधी वळावे, तर केस पिकल्यावर आणि नातवंड पाहिल्यावर. म्हणजे आधी जबाबदारी पुढच्या पिढीच्या हाती नीट गेली पाहिजे. तुकोबांची परंपरेने सांगितलेली कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवताना त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा आधी त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. स्वतःच्या मुक्तीची किंमत भावाकडून वसूल केली नाही. पण याच परंपरेने जिजाईचा त्रागाही जपून ठेवला आहे. घरात अन्न नाही, मुले उपाशी, आणि नवरा भजनात, ही तिची तक्रार भक्तीच्या तेजात पुसली गेली नाही. मला ती तक्रार मोलाची वाटते, कारण थोर माणसाच्या बदलाचीही किंमत कुणीतरी मोजलेली असते, हे ती लपू देत नाही. याउलट बाबा आमट्यांच्या वाटेत साधनाताई भागीदार होत्या. वरोऱ्यातली वकिली सोडून कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे करताना निर्णय दोघांचा होता आणि किंमतही दोघांनी मोजली. मध्यवयात क्षेत्र बदलणाऱ्याने हाच प्रश्न घरात उघडपणे मांडला पाहिजे: पगार निम्म्यावर आला तर कुणाचे काय थांबेल, आणि ज्याचे थांबेल त्याने ‘हो’ म्हटले आहे का? ते ‘हो’ गृहीत धरणे हा त्याग नव्हे. ते दुसऱ्याचा वाटा नदीत सोडणे आहे.

बाबांच्या चरित्रात पहिल्या कसोटीचेही उत्तर आहे. कुष्ठाने झडलेल्या तुळशीरामला पावसात पाहून ते आधी घाबरून पळाले होते. ज्या भीतीने पाय मागे घेतला तिच्याकडेच वळून त्यांनी आपले काम निवडले, आणि १९४९ मध्ये त्यासाठी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन रीतसर शिक्षण घेतले. अर्जुन भीतीपासून दूर जायला निघाला होता, बाबा भीतीकडे गेले. दोघांनीही ‘हे काम आता नको’ म्हटले, तरी दोन निर्णयांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. व्यवसाय बदलावा की नाही, याला सरसकट उत्तर का देता येत नाही, ते यावरून कळते.

एक आक्षेप राहतो आणि तो सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. हा सगळा विचार पोटभर जेवणाऱ्यांचा आहे. ज्यांच्यावर बदल लादला जातो त्यांचे काय? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतल्या असंख्यांना पुन्हा साच्यावर उभे राहता आले नाही. साचेखात्यात हयात गेलेली माणसे रखवालदार झाली, भाजी विकू लागली, गावी परतून दुसऱ्याच्या शेतात राबली. कित्येक घरे बायकांच्या खानावळींवर तगली. त्यांना कोणी स्वधर्म विचारावा, हे क्रूर आहे. परंपरेपाशी अशा वेळेसाठी आपद्धर्माचा विचार आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्यावर स्वतंत्र उपपर्व आहे. स्मृतीने ही सवलत वर्णाच्या फूटपट्टीने वाटली, तेवढा भाग टाकून दिला तर गाभा माणुसकीचा उरतो: जगण्यासाठी आणि जगवण्यासाठी पत्करलेल्या प्रामाणिक कामात लाज नाही, आणि सोडलेल्या कामाबद्दल अपराधही नाही. लादलेल्या बदलात सोडण्याचे कारण माणसाच्या हाती नसते, म्हणून त्याच्या कारणाची परीक्षाही घेता येत नाही. तिथे परीक्षा समाजाची असते. कापूस पिकवणारा शेतकरी पन्नाशीत शहरात रखवालदार होतो तेव्हा त्याच्यावर धर्माचा सल्ला लादण्यापूर्वी, त्याला असे का जावे लागले, हे समाजाने स्वतःला विचारावे. आणि ज्याला निवड करता येते त्याने ती मिळालेली सवलत आहे हे ओळखून, तितक्याच जबाबदारीने वापरावी.

दोन्ही कसोट्यांना उतरल्यावरही यश मिळेलच असे नाही, आणि इथे गीतेचा सर्वांत परिचित विचार खरोखर कामी येतो. फळावर हक्क नाही, हे वाक्य नोकरीत गप्प बसवण्यासाठी पुष्कळ वापरले गेले. त्याचा खरा उपयोग नव्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याला आहे. नाव, पद, जुना पगार यांची नव्या क्षेत्रातली हमी मागणारा माणूस अजून जुन्या जागेवरच उभा असतो. पंचेचाळिसाव्या वर्षी पंचविशीतल्या शिक्षकापुढे बसून पहिला धडा घ्यावा लागतो. जाणत्याकडे नम्रतेने जा, प्रश्न विचार, सेवा कर, ही चौथ्या अध्यायातली शिकण्याची रीत वयाची अट घालत नाही, आणि मध्यवयीन माणसाला पैशाच्या टंचाईपेक्षाही ही नम्रता जड जाते. म्हणून हा विचार करणाऱ्याने स्वतःशी तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात: मी कशापासून दूर जातो आहे आणि कशाकडे, माझ्या जाण्याची किंमत माझ्याखेरीज कोण देणार आणि त्याची संमती आहे का, आणि तिथे मला कोणी ओळखले नाही तरी ते काम मी करीन का. उत्तरे नीट येत नसतील तर थांबावे, आणि जे काम हाती आहे ते थांबलेल्या काळातही प्रामाणिकपणे करावे. ती नीट येत असतील तर निघावे, आणि स्वधर्म मोडल्याचे ओझे मनावर घेऊ नये. अर्जुनाला युद्धावर परत आणणाऱ्या कृष्णानेही अखेरीस त्याच्यावर निर्णय लादला नाही. जे सांगायचे ते सांगितले, याचा पूर्ण विचार कर, मग इच्छा असेल तसे कर, असे म्हणून त्याने निवड अर्जुनाकडेच सोपवली. चाळिशीतल्या माणसाला सल्ला देणाऱ्या आपण सर्वांनी निदान तेवढे तरी त्याच्याकडून शिकायला हवे.